११ नंबरचा बेड : नागपूरच्या दवाखान्यांतल्या माझ्या सहकाऱ्यांना खुलं पत्र

प्रिय सिस्टर, ब्रदर, इंटर्न डॉक्टर, वॉर्डातल्या मावशी आणि मामा, केसपेपरच्या खिडकीत बसणारे सगळे,

सप्रेम जय भीम आणि नमस्कार.

मी नागपुरात ३४ वर्षं नर्सिंगची नोकरी केली. सुरुवात स्टाफ नर्स म्हणून, शेवटची बारा वर्षं इनचार्ज सिस्टर म्हणून. २०२१ मध्ये कोरोनाची दुसरी लाट ओसरत असताना निवृत्त झाले. तुमच्यातल्या काही जणी माझ्या हाताखाली शिकल्या आहेत. त्यांनाही ही गोष्ट मी कधी सांगितली नव्हती, कारण सांगायची लाज वाटत होती.

२००९ चा मे महिना होता. नागपूरचा मे तुम्हाला सांगायला नको. दुपारी साडेतीनच्या सुमाराला कॅज्युअल्टीतून एक ट्रॉली वर आली. पेशंट तृतीयपंथी, साधारण तीस वर्षांची, हिरवी साडी, हातात बांगड्या, आणि केसपेपरवर पुरुषाचं नाव. लघवी अडून सोळा-सतरा तास झाले होते. पोट बेंबीपर्यंत टणक. आडगावी कुणा दाईच्या हातून तिचं निर्वाण झालं होतं, म्हणजे जननेंद्रिय कापलं गेलं होतं. जखम भरताना लघवीचं तोंड आकसून जवळजवळ बंद झालं होतं. इतकी वेदना सहन करत माणूस शांत कसा पडून राहतो, हे मला तेव्हाही कळलं नाही.

पुरुषांच्या वॉर्डाने ट्रॉली परत पाठवली, "साडी नेसलेली आहे, लेडीजमध्ये न्या." लेडीज सर्जिकलची इनचार्ज मी होते. मी केसपेपर पाहिला आणि म्हणाले, "मेल लिहिलंय, इथे नाही घेता येणार. बाकीच्या पेशंटचे नातेवाईक तक्रार करतील." ट्रॉली पुन्हा गेली, पुन्हा आली. दोन वॉर्डांच्या मधल्या बोळीत ती सव्वादोन तास होती. मध्ये एकदा मी शेजारून जाताना तिने माझ्या एप्रनचं टोक धरलं आणि म्हणाली, "बाई, जागा नसन त खालीच टाका मले, पण आधी लघवी होऊ द्या."

माझ्या वॉर्डात ११ नंबरचा बेड रिकामा होता. सकाळीच एका आजीबाईंना डिस्चार्ज दिला होता, चादरही बदललेली होती. आणि कुणा नातेवाइकाने तक्रार केली नव्हती. कुणाला आम्ही विचारलंच नव्हतं. शेजारच्या १० नंबरवर रामटेककडची एक शेतकरीण होती, हर्नियाचं ऑपरेशन झालेली. संध्याकाळी तीच मला म्हणाली, "सिस्टर, त्या पोरीले इथं काऊन नाही आणलं?" मी काहीतरी कामाचं निमित्त काढून निघून गेले.

शेवटी तिला पुरुषांच्या वॉर्डात, संडासाच्या दाराजवळच्या बेडवर टाकलं. सर्जरीच्या रेसिडेंटने लहान मुलांची बारीक नळी घालून कशीबशी लघवी काढली. काम त्याने चांगलं केलं, ते नाकारत नाही. पण पडदा लावला नव्हता. पाच इंटर्न बघायला आले, मग आणखी चार आले. दुसऱ्या दिवशी राउंडला पंधरा-सोळा माणसं तिच्या पायथ्याशी उभी होती आणि तिने पदर तोंडावर ओढून घेतला होता. ड्रेसिंगचा ट्रे त्या बेडजवळ न्यायला मावशी तयार नव्हती. एका ब्रदरने गोळ्यांची पुडी लांबूनच उशीवर टाकली.

तिसऱ्या दिवशी ती नळी तशीच ठेवून डामा घेऊन गेली, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध. सही करायला तिची गुरू, म्हणजे तृतीयपंथीयांमध्ये तिला सांभाळणारी वडीलधारी, आली होती, पन्नाशीची, कपाळावर मोठं कुंकू. फॉर्मवर 'पेशंटशी नातं' असा रकाना असतो. ती म्हणाली, "मी हिची माय आहो. माय लिहा." टेबलावरचा माणूस हसला आणि त्याने 'मित्र' लिहिलं. आत राहिलेली नळी वेळेवर बदलली नाही तर जंतुसंसर्ग होतो, मूत्रपिंडापर्यंत जातो, हे आपण सगळेच जाणतो. तिची नळी कुणी बदलली, बदलली की नाही, मला माहीत नाही.

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. ते तिने आम्हाला सांगितलं होतं. आमच्यापैकी एकानेही त्या नावाने तिला हाक मारली नाही.

आता ज्याच्यामुळे हे पत्र लिहायला बसले ते सांगते. माझी आई १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होती. शाळकरी मुलगी होती ती तेव्हा. आमच्या घरात बाबासाहेबांच्या लेखनाचं वाचन नेहमीचं. बाबासाहेबांनी काठियावाडातल्या एका दलित शिक्षकाची हकिकत नोंदवून ठेवली आहे. ती १९२९ सालची, त्या शिक्षकाच्याच पत्रातून आलेली. त्याची बायको बाळंतीण होती आणि तिची तब्येत बिघडली. डॉक्टर वस्तीत पाऊल टाकायला तयार नव्हता. बरीच विनवणी केल्यावर आला, पण वस्तीबाहेर. अंगावर पिणारं मूल घेऊन त्या आजारी बाईला बाहेर आणावं लागलं. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याच्या हातात, नवऱ्याने बायकोच्या. त्याच वाटेने थर्मामीटर परत गेला. दिव्याच्या उजेडात पारा बघून डॉक्टरने न्यूमोनिया सांगितला आणि निघून गेला. पुढे त्याने पुन्हा तपासायला नकार दिला. ती बाई वाचली नाही.

निवृत्तीनंतर एके दिवशी नातीला ही हकिकत वाचून दाखवत होते. थर्मामीटरच्या ओळीवर आले आणि मला उशीवर लांबून पडलेली ती गोळ्यांची पुडी आठवली. वाचन तिथेच थांबलं. ज्या घरात ही गोष्ट लहानपणापासून ऐकली, त्याच घरातली मी. आणि माझ्या वॉर्डातला ११ नंबरचा बेड रिकामा होता.

आपलं काम हात लावण्याचं आहे. डॉक्टर पाच मिनिटं येतो, बाकीचे तेवीस तास पंचावन्न मिनिटं पेशंट आपल्या हातात असतो. नाडी, बी.पी., स्पंज, बेडपॅन, सगळं हातानेच. म्हणूनच हे पत्र अधिष्ठात्यांना किंवा मंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहिलं आहे.

तृतीयपंथी किंवा ट्रान्स पेशंट निदान दिसतो तरी. जे दिसत नाहीत त्यांचं काय होतं तेही सांगते, कारण तिथे आपण काही वाईट वागत नाही आणि तरी पेशंटचं नुकसान होतं.

शेवटची काही वर्षं माझी ड्यूटी स्त्रीरोग ओपीडीला होती. तिथे पहिला प्रश्न ठरलेला: "लग्न झालंय?" हो म्हटलं की आतून तपासणी, पॅप स्मिअर म्हणजे गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची चाचणी, सगळं. नाही म्हटलं की पोटावरून सोनोग्राफी आणि लोहाच्या गोळ्या. एक बाई वर्षभर येत होती, अडतीसची, शाळेत शिक्षिका. मधूनच रक्त जायचं. प्रत्येक वेळी "लग्न?" "नाही." प्रत्येक वेळी गोळ्या. एकदा गर्दी कमी होती, ती बाकावर एकटी बसली होती, चेहरा पांढराफटक. मी शेजारी बसले आणि सहज विचारलं, "घरी कोण असतं तुमच्या?" ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझी मैत्रीण असते. अकरा वर्षं झाली." आणि तिने ज्या तऱ्हेने 'मैत्रीण' म्हटलं त्यावरून मला कळलं. मी आत जाऊन मॅडमशी बोलले, तिच्या परवानगीने. तपासणी झाली. गर्भाशयाच्या मुखावर कॅन्सरची गाठ होती. वर्षभर आधी सापडली असती तर उपचार किती सोपे झाले असते, ते तुम्हाला सांगायला नको.

ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो तो बाईकडून बाईलाही जातो. तिच्या केसपेपरवर वर्षभर 'अविवाहित' असं लिहून आपण स्वतःचीच समजूत काढत होतो की तिच्या आयुष्यात कुणी नाही. तिने खोटं सांगितलं नव्हतं. प्रश्नच चुकीचा होता.

म्हणून माझं सांगणं: "लग्न झालंय का" च्या जागी "घरी कोण असतं" विचारा. आपल्याकडे हा प्रश्न परका नाही, शेजारीपाजारी, गाडीत भेटलेलं माणूसही विचारतं. त्यात कुणाला काही कबूल करावं लागत नाही, आणि ज्याला सांगायचं आहे त्याला दार उघडं मिळतं. शरीरसंबंधांचं विचारणं गरजेचं असेल तर पडदा लावून, बरोबरच्या माणसाला बाहेर पाठवून, सगळ्यांना विचारता तसंच विचारा: संबंध असतात का, पुरुषांशी, स्त्रियांशी, की दोघांशी. आवाज तोच ठेवा ज्या आवाजात मधुमेहाचं विचारता.

हे बरोबर होताना मी एकदा पाहिलं आहे. २०२० ची गोष्ट. चोवीस-पंचवीस वर्षांची एक ट्रान्स मुलगी आली, डावी पोटरी सुजलेली, लाल, गरम. आधी एका ठिकाणी तिला "मुका मार" म्हणून मलम देऊन पाठवलं होतं. आमच्याकडे एक इंटर्न पोरगी होती, जेमतेम तेवीसची, चंद्रपूरकडची. तिने आधी पडदा ओढला. मग विचारलं, "मी तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू?" नाव कळल्यावर त्याच नावाने पुढचं सगळं. मग म्हणाली, "शरीरात बदल व्हावा म्हणून काही गोळ्या घेता का? मी रागावणार नाही, पायासाठी मला माहीत असणं गरजेचं आहे." आणि ते बाहेर आलं. मेडिकलच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून, मोबाइलवर बघून, ती दिवसाला पाच-सहा खात होती. वर सिगारेट. त्या गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनने रक्त गोठण्याचा धोका वाढतो हे आपण पहिल्या वर्षी शिकतो. डॉप्लर, म्हणजे रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी केली, पोटरीच्या शिरेत गुठळी होती, त्याच संध्याकाळी रक्त गोठू न देणारं हेपारिन सुरू झालं. गुठळी फुप्फुसात गेली असती तर नुसत्या मलमावर ती पोरगी गेली असती. डॉप्लर सुचलं ते त्या उत्तरामुळे, आणि उत्तर आलं ते आधी नाव विचारल्यामुळे.

डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय हार्मोन घेऊ नका असं तिला रागावून सांगणं सोपं होतं. पण ती डॉक्टरकडे का जात नव्हती, याचं उत्तर आपल्या ओपीडीच्या रांगेत आहे. खिडकीतून आधारवरचं पुरुषाचं नाव पुकारलं जातं, साडी किंवा सलवार नेसलेलं माणूस उठतं, आणि सगळा हॉल वळून बघतो. हा दोन मिनिटांचा छळ टाळण्यासाठी माणसं महिनोन्महिने ताप अंगावर काढतात. खिडकीवरच्या भावांनो आणि बहिणींनो, नावाऐवजी नंबर पुकारा. निदान आडनाव पुकारा. केसपेपरवर कोपऱ्यात 'हाक मारायचं नाव' पेनाने लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या प्रत्येक टेबलावर त्या माणसाला तेच पुन्हा सांगावं लागणार नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण वॉर्डात "हे आपल्या हातात नाही" असं नेहमी ऐकू येतं. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांचे मूलभूत हक्क मान्य केले, त्या निकालात दवाखान्यांतल्या सोयींचाही उल्लेख आहे. ६ सप्टेंबर २०१८ पासून प्रौढांमधले संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १८ मध्ये लैंगिक कलावरून भेदभाव न करता उपचार मिळण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. २०१९ च्या तृतीयपंथी हक्क कायद्याच्या कलम १५ मध्ये सरकारने द्यायच्या आरोग्यसेवा आहेत, हार्मोन उपचार आणि समुपदेशनासकट. आयुष्मानखाली तृतीयपंथी व्यक्तींसाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांच्या योजनेचा करार ऑगस्ट २०२२ मध्ये झाला. दवाखान्यात योजनांचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्रांनो, हे तुम्हीच पेशंटला सांगायचं आहे, त्याने शोधत येण्याची वाट बघू नका.

पोरगा समलिंगी आहे म्हणून त्याला "बरं करायला" आणणारे आईबापही येतात. तुम्ही मानसोपचार ओपीडीला असाल तर त्यांना पाणी द्या, बसवा, आणि सांगा की हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली आहे. "बदलून देतो" म्हणणारा डॉक्टर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या आदेशानुसार व्यावसायिक गैरवर्तन करतो. त्याच आयोगाच्या न्यायवैद्यक अभ्यासक्रमात ऑगस्ट २०२४ अखेर समलिंगी स्त्रियांच्या संबंधांचा उल्लेख पुन्हा लैंगिक गुन्ह्यांत आला होता. आठवड्याभरात तो अभ्यासक्रम मागे घ्यावा लागला. इंटर्न मुलांनो, तुमच्या हातात जुनं पुस्तक असेल तर त्यातलं ते पान विसरा.

आणि सही. यावर मला जरा थांबायचं आहे, कारण 'माय लिहा' म्हणणारी ती गुरू अजून डोळ्यांपुढून जात नाही. आपल्याकडे "नातेवाईक कोण आहे?" हा प्रश्न पेशंटच्या डोक्यावरून विचारला जातो. पेशंट शुद्धीवर असतो, सज्ञान असतो, आणि आपण दारात नवरा, बाप, भाऊ शोधत असतो. जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात सांगितलं आहे की सज्ञान आणि समज असलेल्या पेशंटची स्वतःची संमतीच ग्राह्य. त्या प्रकरणात भुलीखाली असलेल्या बाईच्या आईकडून घेतलेली संमतीसुद्धा चालली नाही. म्हणजे वर्षानुवर्षं घराबाहेर काढलेल्या पोराच्या बापाला गोंदियाहून बोलावून त्याची सही घेण्याचा हट्ट आपण कुठल्या कायद्यासाठी करतो? पेशंटला आधीच विचारा: कुणाला बोलवायचं, कुणाला माहिती द्यायची, कुणाला द्यायची नाही. उत्तर केसपेपरवर लिहा आणि त्याची सही घ्या. मानसिक आरोग्य कायद्याखाली तर साध्या कागदावर सही करून आपला प्रतिनिधी नेमता येतो, तो रक्ताचाच असला पाहिजे असं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून हेही सांगितलं की जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. हे पत्र तुमच्या नोटीस बोर्डावर आहे का, बघा. नसेल तर मेट्रनकडे मागा.

डेऱ्यात, म्हणजे तृतीयपंथी एकत्र राहतात तिथे, गुरू ही खरोखर आईच्या जागी असते. आजारपणात तीच उशाशी बसते, तीच पैसे भरते. पेशंटजवळ एकच माणूस राहू द्यायचा नियम असेल तर ते माणूस तिला होऊ द्या.

एचआयव्हीबद्दल एवढंच: बेडवर लाल पट्टी, फाइलवर मोठ्या अक्षरात शेरा, ड्यूटी बदलताना बोळीत मोठ्याने सांगणं, हे सगळं बंद झालं पाहिजे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या कायद्याने तपासणीला संमती आणि निकालाची गुप्तता बंधनकारक आहे. ग्लोव्हज सगळ्यांसाठी सारखे घाला, मग कुणासाठी वेगळे घालावे लागत नाहीत. आणि तृतीयपंथी किंवा समलिंगी माणूस दाढदुखीसाठी आला असेल तर त्याची दाढ बघा.

काही जण म्हणतात, यांच्यासाठी वेगळा दवाखाना काढा. तसे दवाखाने निघाले होते. २०२१ मध्ये हैदराबादला, मग आपल्याकडे कल्याण आणि पुण्याला, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांत ट्रान्स माणसंही होती. कामही चांगलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेची मदत थांबली आणि तेव्हा ते बंद पडले. मला त्याचं फार वाईट वाटलं. गडचिरोली, गोंदिया, भंडारा, पलीकडे बालाघाट आणि छिंदवाड्याचा पेशंट नागपुरात येतो तो मेडिकल आणि मेयो या सरकारी दवाखान्यांत, मिहानच्या एम्सला, नाहीतर धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत. अर्ध्या रात्री पोटात कळ आली तर त्याला आपलाच साधा वॉर्ड लागणार आहे.

कोणत्या वॉर्डात ठेवायचं, हा प्रश्न तुम्हाला पडेल. तिलाच विचारा. बहुतेक वेळा ती नीट सांगेल. बाजूची खोली रिकामी असेल आणि तिला हवी असेल तर द्या. तिच्यावर लादू नका, कारण वेगळं काढून ठेवणं म्हणजे काय ते तिला आधीच माहीत आहे. शेजारच्या पेशंटने तक्रार केली तर तिला समजवायचं काम इनचार्जचं. मी ते काम टाळलं होतं.

तुमच्यातही अशी माणसं आहेत, हेही ध्यानात ठेवा. २०२१-२२ च्या हिवाळ्यात नागपुरातच दोन महिला डॉक्टरांनी घरच्यांच्या उपस्थितीत एकमेकींना अंगठ्या घातल्या, पेपरात फोटो आले होते. चहाच्या सुट्टीत जे विनोद चालतात ते ऐकत बसलेली एखादी सिस्टर किंवा ब्रदर रोज गप्प राहून घरी जात असेल.

माझी एक विनंती आहे. नागपुरातल्या नर्सिंग कॉलेजांनी आणि वॉर्डांनी मला अर्धा दिवस द्यावा. मानधन नको, जेवण नको. शहरात काम करणाऱ्या संस्थांतल्या ट्रान्स मैत्रिणींना मी बरोबर आणीन, त्या स्वतःचं स्वतः सांगतील. एक रिकामा बेड, एक पडदा आणि एक केसपेपर तेवढा ठेवा. कॅथेटर कसा घालायचा ते तुम्हाला येतं. त्याआधीची दोन मिनिटं मी दाखवीन.

तुमची,
एक निवृत्त इनचार्ज सिस्टर
नागपूर